आठ दिवसांची भाची

दळवीबाई,

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. मी मागच्या बाकावर बसले होते, जिथे आठवीत बसायचे तिथेच, फक्त आता गुडघे बाकाखाली मावत नव्हते. हेडमास्तर बोलता बोलता म्हणाले, "दळवीबाईंचं आयुष्यात कुणाशी कधी वाकडं आलं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. शेजारच्या बाईंनी पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, विद्यार्थिनी आहे, भरून आलं असेल.

बाई, तुमचं माझ्याशी वाकडं होतं. मधल्या वर्षांत आपण एकमेकींकडे किती वेळा चहा प्यायलो. माझ्या लग्नात तुम्ही पहिल्या रांगेत बसून, हातातल्या पुस्तकात बघून बघून त्रिशरण म्हटलंत. मला पहिली मुलगी झाली तेव्हा झबलं घेऊन बदलापूरहून आलात. पण भांडण होतं ते होतंच. सभेत विचारलं, "माजी विद्यार्थिनींपैकी कुणी बोलणार का?" मी उठले नाही. काय बोलणार? माझ्याकडे तुमच्याबद्दल सांगण्यासारखं जे आहे ते हार घातलेल्या फोटोसमोर सांगता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

सुरुवात तुमच्याच हट्टातून झाली. दिवाळीच्या सुट्टीत अंबरनाथच्या मुली काय करतात, असा निबंध तुम्ही आम्हाला घातला होता. चाळीस मुलींनी चाळीस वेळा चकल्या आणि धाकट्या भावंडांना सांभाळणं लिहिलं. तुम्ही वह्या परत देताना म्हणालात, "पुढच्या सुट्टीत मी तुम्हाला दुसरं काहीतरी लिहायला देते." तुमचे भाऊ शेतकी खात्यात होते. त्यांच्या ओळखीनं तुम्ही आसनवाडी शोधलीत. बदलापूरहून एसटीनं अर्धा तास, मग तासभर पायी. गावातली विहीर मार्चमध्ये आटायची. गावाखालून ओढा जायचा, पण दिवाळीनंतर त्याचं पाणी वाहून निघून जायचं. ते पाणी पोत्यांचा बांध घालून अडवायचं, म्हणजे विहिरीला झिरपा मिळेल. आठ दिवसांचं काम, सोळा मुली, राहायचं गावच्या शाळेत, जेवायचं पोलीस पाटलांच्या घरी.

माझे बाबा रंगाच्या कारखान्यात कामाला. घरी यायचे तेव्हा नखांत कुठला ना कुठला रंग असायचा. मुलीला आठ दिवस बाहेर पाठवायचं म्हटल्यावर आई नाही म्हणाली. बाबा म्हणाले, "शाळेचं काम आहे. जाऊ दे. गाव बघू दे तिला. आम्ही गाव सोडून आलो ते का, ते तिला कुठं माहितीये?"

ते मला पहिल्याच संध्याकाळी कळायचं होतं. तुम्ही कळू दिलं नाहीत.

पाटलांच्या अंगणात आम्ही ओळीनं उभ्या होतो. पाटलीणबाई, सगळं गाव त्यांना वत्सलाकाकू म्हणायचं, प्रत्येकीला नाव विचारत पाण्याचा तांब्या देत होत्या. त्यांच्या विचारण्यात काही खोट नव्हती. नाव, मग आडनाव, मग "कुठल्या गो तुमी?" अलका शिर्के. मंदा पवार. कुणी रत्नागिरीकडची, कुणी साताऱ्याकडची. आडनाव ऐकलं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा आणि तांब्या पुढे यायचा. माझ्यापाशी आल्या.

"आन ही कंची गो?"

मी म्हटलं, "सुजाता." आडनाव ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तुम्ही मागून माझ्या खांद्यावर हात ठेवलात.

"ही माझी भाची," तुम्ही म्हणालात. "बहिणीची मुलगी."

"मंग घरचीच की! ये गो, आत ये, चुलीपाशी बस."

इतकं सोपं होतं ते. तुमचा हात खांद्यावर जड झाला, एवढंच मला जाणवलं. आत जाताना अलकानं माझ्याकडे पाहिलं. तिला माझं आडनाव माहीत होतं, सगळ्याच मुलींना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. आठ दिवस सोळा मुलींनी ते सांभाळलं, आणि मी तुम्हाला आठ दिवस बाईऐवजी मावशी म्हटलं.

ते आठ दिवस मात्र कामाचे होते. तुम्ही मला पारदर्शक नळी दिलीत, तिच्यात पाणी भरलंत आणि ओढ्याच्या दोन काठांवर खुंट्या ठोकून पातळी कशी घ्यायची ते शिकवलंत. नळीच्या एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मी. "थोडं खाली. अजून. बस." इकडचं पाणी आणि तिकडचं पाणी एका रेषेत आलं तेव्हा मला झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही. आज मी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात ट्रेसर आहे. इंजिनिअर साहेबांच्या नकाशांवर शाईनं रेषा मारते. त्याचं मूळ त्या नळीत आहे, हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही ते चारचौघांत सांगायचात तेव्हा मी विषय बदलायचे.

निघताना वत्सलाकाकूंनी माझी वेणी घातली आणि नव्या भाताच्या पोह्यांचं गाठोडं हातात दिलं. "मावशीसंगं परत ये गो."

घरी आल्यावर आईनं गाठोडं सोडलं. पोह्यांचा वास घरभर झाला. बाबांनी विचारलं, "कुणी दिले?" आणि मी चौदा वर्षांची मुलगी जसं सांगेल तसं सगळं सांगून टाकलं. चूल, वेणी, मावशी. आई हसत ऐकत होती, मग तिचं हसू थांबलं. बाबांनी गाठोडं परत बांधलं.

"हे पोहे बाईच्या भाचीला दिलेत," ते म्हणाले. "ती आपल्या घरात राहत नाही."

सुट्टी संपली त्या दिवशी बाबा अर्धी रजा टाकून शाळेत आले. मी दाराबाहेर उभी होते. तुम्ही टीचर्स रूममध्ये एकट्याच वह्या तपासत होता. बाबांनी चप्पल बाहेर काढली होती. त्याचा मला त्या वेळी फार राग आला.

"बाई, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा ना."

"तुम्ही त्या दिवशी माझ्या पोरीला वाचवलं, की त्या पाटलीणबाईला?"

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "मला वाटलं, लेकराला कुणी काही बोलू नये. पहिलाच दिवस होता. बाकीच्या मुली होत्या. शिबिर मोडलं असतं."

"बोलले असते ते. आम्ही आयुष्यभर ऐकलंय. तिनं उत्तर दिलं असतं, नाहीतर रडली असती, नाहीतर निघून आली असती. काय करायचं ते तिनं ठरवलं असतं. तुम्ही ती जागाच ठेवली नाही." मग त्यांनी गाठोडं टेबलावर ठेवलं. "त्यांना परत द्या. नाहीतर कुणाला द्यायचं त्याला द्या. अन्न आहे, टाकू नका."

बाबांचा आवाज एकदाही चढला नाही. तुम्ही उठून उभ्या राहिलात, एवढंच मी पाहिलं. पुढे चार दिवस वर्गात तुमची नजर माझ्या बाकावरून घसरून पुढच्या बाकावर जायची.

बाई, खरं सांगू? मला तेव्हा बाबांचा राग आला होता, तुमचा नाही. तुमचा राग नंतर आला, हळूहळू, जसजसं मला कळायला लागलं की माझ्यावर एक उपकार झाला आहे आणि तो मला फेडता येत नाही, कारण मी तो मागितलाच नव्हता.

मग पुढच्या वर्षी, दिवाळी महिन्यावर आली असताना, एका रविवारी तुम्ही आमच्या चाळीत आलात. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनच्या बाजूला आमच्या दोन खोल्या. आईची धांदल उडाली. तुम्ही खाटेवर बसलात आणि आईनं विचारायच्या आत म्हणालात, "वहिनी, आधी पाणी द्या." गटागटा प्यायलात. आई पुढे कितीतरी दिवस ते चाळीत सांगत होती. मला मात्र वाटलं, त्यात काय मोठं? पाणीच प्यायल्या ना? चौदाव्या-पंधराव्या वर्षी माणूस कठोर असतं.

"यंदाही आसनवाडीला जायचंय," तुम्ही बाबांना म्हणालात. "मागच्या बांधाची पोती पावसानं नेली. पण विहीर एप्रिलच्या अखेरपर्यंत टिकली. गावानं निरोप पाठवलाय."

"मग जा की."

"सुजाता आली तरच जाणार. आणि त्याआधी मी एकटी तिथे जाऊन खरं काय ते सांगून येते. त्यांना नको असेल तर शिबिर दुसरीकडे नेईन."

बाबांनी मान हलवली. "मागच्या वेळी पण तुम्हीच सांगितलं, बाई. यंदा पण तुम्हीच सांगणार? नाव तिचं आहे. सांगायचं असेल तर ती सांगेल. नसेल सांगायचं तर नाही जाणार." आणि मग माझ्याकडे वळून, "जाशील?"

मी हो म्हटलं. त्यात धैर्य फार नव्हतं. तुमच्या तोंडावर हो म्हणायचं होतं, इतकंच.

पोत्यांसाठी आपण दोघी उल्हासनगरला गेलो, तो दिवस तुम्हाला नक्की आठवत असेल. सिमेंटची रिकामी पोती मिळेनात. कॅम्प तीनला एका गल्लीत जीन्सचे कारखाने, म्हणजे एका खोलीत सहा मशिनी आणि दारात कापडाचा ढीग. रिक्षातून उतरून आपण चार दुकानं फिरलो. पाचव्यात एक सिंधी शेठ होते, तुमच्याच वयाचे. तुम्ही त्यांना मराठीत बंधारा समजावलात, ते हिंदीत ऐकत होते.

"मैडम, पोता तो नहीं है. ये देखो, डेनिम का कटपीस. रिजेक्ट माल. मोटा है, फटेगा नहीं. सिलवा के देता हूँ, थैली बना के."

"किती घ्याल?"

"अरे, पानी का काम है. हम लोग भी आए थे ना कैंप में, तब पानी के वास्ते लाइन लगाते थे. ले जाओ. बच्ची को लस्सी पिलाओ मेरे नाम से."

दोनशेच्या वर पिशव्या शिवून दिल्या त्यांनी. गडद निळ्या, कोऱ्या. एसटीच्या टपावर टाकताना कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, गावात पँटींचं दुकान टाकताय का?" तुम्ही इतक्या हसलात की मीही हसले. त्या वर्षात पहिल्यांदा.

पाटलांच्या अंगणात आपण पोचलो तेव्हा वत्सलाकाकू धावतच आल्या. "आली गो माजी पोर! केवढी उंच जाली!" त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. नेमका तेव्हा. मागे दारात त्यांची नवी सून उभी होती, रंजना, माझ्याहून तीनेक वर्षांनीच मोठी. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काहीच केलं नाहीत. ना खांद्यावर हात, ना नजरेनं खूण. आयुष्यात तुम्ही माझ्यासाठी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट ती असेल.

"काकू, मी बाईंची भाची नाही," मी म्हटलं. "मी सुजाता कांबळे. आम्ही बौद्ध आहोत. मागच्या वर्षी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

त्यांचे हात माझ्या गालांवरून खाली आले. झटक्यानं नाही, हळूच.

"खोटं मी सांगितलं होतं," तुम्ही म्हणालात. "पोरीचा दोष नाही."

"पोरीचा न्हायच," काकू तुमच्याकडे बघून म्हणाल्या. "तुमचाच हाय." आणि आत गेल्या.

त्यानंतर त्या गावात कुणीही जात काढली नाही. एकदाही नाही. पाटील अगदी नम्रपणे येऊन म्हणाले, घरात पाहुणे आहेत, मुलींनी शाळेतच रांधावं. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या रहाटाचा दोर तुटलेला होता. तिसऱ्या दिवशी आपल्या पिशव्यांचा रंग ओढ्यात सुटला, पाण्याला निळी झाक आली, आणि पाटलांनी निरोप पाठवला की ढोरं निळं पाणी पीत नाहीत, तेव्हा गावची माणसं बांधावर येणार नाहीत. सगळं गाव कारणांनी भरून गेलं. (हे निळ्या पाण्याचं मी घरी सांगितलं तेव्हा बाबा पोट धरून हसले. "निळ्याचीच भीती वाटली त्यांना," म्हणाले. तुम्हाला मी ते कधी सांगितलं नाही. आवडलं असतं.)

आपण ओढ्याकाठी वाळूत खड्डा काढला आणि त्यात झिरपलेलं पाणी वाटीनं भरून, गाळून, उकळून प्यायलो. भात कधी कच्चा राहायचा, कधी लागायचा. दुसऱ्या संध्याकाळी अलका माझ्यावर भडकली. हातांना फोड आले होते तिच्या.

"आपण इथे बंधारा बांधायला आलोय का तुझं नाव सांगायला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही चुलीत फुंकर घालत होता. मान वर न करता म्हणालात, "दोन्हीला." मग उठून सगळ्यांना सांगितलंत, "उद्या सकाळची एसटी आहे. जिला जायचंय तिनं जावं, मी पालकांना चिठ्ठी देते. कुणालाही नाव ठेवणार नाही." दोघी गेल्या. अलका जाईल असं मला वाटलं होतं. ती सकाळी हाताला चिंध्या गुंडाळून माझ्याआधी ओढ्यावर हजर होती. माझ्याशी बोलली मात्र नाही.

चौदा मुली आणि तुम्ही. माणसांची साखळी करून पिशव्या पुढे सरकवायच्या, मध्ये चिकणमाती थापायची. पाचव्या दिवशी दुपारी रंजना धुणं घेऊन आली. सगळं गाव वरच्या डोहावर धुतं, ती मुद्दाम खाली आली होती. थोडा वेळ बघत बसली, मग पदर खोचून साखळीत माझ्याशेजारी उभी राहिली आणि तासभर पिशव्या उचलल्या. जाताना धुणं न धुता तसंच उचलून गेली.

शेवटच्या दिवशी बांध कमरेएवढा झाला. पाणी मागे चढायला लागलं. मी नळी लावून पातळी बघितली, दोन्ही टोकं बरोबर होती. तेव्हा वत्सलाकाकू वरच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. खाली उतरल्या नाहीत.

"पोरी, आयक," त्या म्हणाल्या. "जातीचं न्हाय गो माज्या मनात. माज्या घरान, देवासमोर खोटं सांगितलं, त्याचा राग हाय."

आणि गेल्या.

परतीच्या एसटीत तुम्ही माझ्या शेजारी बसलात. तुमचा चेहरा उजळला होता. "बघितलंस? तिला खोट्याचा राग होता. खोटं माझं होतं. म्हणजे चूक माझीच, तिची नाही."

मी म्हटलं, "मग रहाटाचा दोर का तुटला, बाई?"

तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत.

आणि तिथेच आपण अडकलो, बाई. तुम्ही म्हणायचात, माणसं एकदम बदलत नाहीत, त्यांना वेळ द्यावा लागतो. मी म्हणायचे, तुम्ही वेळ देता ते आमच्या खिशातून काढून. मी डिप्लोमाला असताना एकदा तुमच्याच घरी, तुमच्याच हातचे पोहे खात हे बोलले होते. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "असेलही. पण मग मी काय करू, जाणंच बंद करू?" मी म्हटलं, "मला नका विचारू. तुम्हाला जायचं तर जा." तुम्ही जात राहिलात. दर दिवाळीच्या सुट्टीत, नव्या मुली घेऊन, त्याच गावात. दर वर्षी मला विचारायचात, "यंदा येशील का गं, दोन दिवस?" आणि मी पण कारणंच दिली. परीक्षा. नोकरी. लग्न. मुलगी लहान आहे.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा सांगणार होते. तुमच्या हाताला सलाइन होतं आणि तुम्ही माझ्या ऑफिसातल्या बदलीची चौकशी करत होता, कुठला साहेब त्रास देतो वगैरे. मी अर्धा तास बदलीबद्दल बोलले. सांगायचं होतं ते हे, की पहिल्या वर्षीचे ते आठ दिवस मी सुखात होते. चुलीपाशी बसून भाकरी भाजायला शिकले, काकूंनी वेणी घातली, सगळ्या मुलींत मी लाडकी होते. खोटं होतं आणि मला ते आवडलं होतं. त्याचीच मला इतकी वर्षं लाज वाटत होती, आणि ती लाज मी राग म्हणून तुमच्यावर काढत होते. सगळी नाही. पण बरीचशी. हे कबूल केलं असतं तर तुम्ही जिंकला असता, असं मला वाटायचं. तुम्ही जिंकायला कुठे बसला होतात?

तुम्हाला पोचवायला बाबा आले होते. आता त्यांना चालवत नाही, रिक्षा केली. परत येताना मी विचारलं, "बाबा, तुमचा राग गेला होता का बाईंवरचा?" ते म्हणाले, "चुकतात सगळेच, पोरी. चुकल्यावर दारात येऊन उभं राहिलेलं माणूस मी एवढंच पाहिलं." पुढे अंबरनाथ येईपर्यंत ते डोळे मिटून बसले होते.

आसनवाडीला तुमची बातमी कुणी दिली नव्हती. तुमच्या वहिनी म्हणाल्या, पत्र टाकू. मी म्हटलं, मी जाते. शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. आता बदलापूर स्टेशनपासून गावापर्यंत जीप जाते. ओढ्यावर सरकारनं वरच्या अंगाला सिमेंटचा बंधारा बांधलाय. आपला बांध जिथे होता तिथे नुसते गोटे आहेत.

पाटलांच्या घरी रंजना भेटली. केसांत पांढरं दिसायला लागलंय, आवाज मोठा झालाय. पंचायतीत मेंबर आहे. मला बघून दोन क्षण थांबली, मग नावानं हाक मारली. मी तुमचं सांगितलं. ती ओटीवर खाली बसली आणि पदरानं तोंड झाकून रडली. नंतर म्हणाली, काकू जाऊन दोन वर्षं झाली.

"बाईंनी आमच्या घरचं पानी बी घेतलं न्हाय कदी," ती म्हणाली. "तुमी निल्या पिशव्यांचा बांद बांदलात ना, त्या सालापासून."

मला कळेना. "म्हणजे? जेवण इथेच असायचं ना मुलींचं? पाटलांनी परत सुरू केलं होतं असं बाई म्हणाल्या होत्या."

"पोरींचं असायचं. पोरी जेवायच्या. बाई न्हाय. ओटीवर बसायच्या, बोलायच्या, हसायच्या, माज्या पोरांचा अभ्यास घ्यायच्या. पन जेवायला शालेत जायच्या, आपल्या हातानं खिचडी करायच्या. सासूबाई दर साली बोलवायच्या. बाई म्हनायच्या, 'वत्सलाबाई, माझी सुजाता या घरात तिच्या नावानं जेवेल, त्या दिवशी मी जेवेन.' पयल्यांदा सासूबाई चिडल्या. दोन सालं बोलल्याच न्हाईत. मंग एका साली आपनच म्हनाल्या, 'मंग आना की तिला. मी वाडते.' तर बाई काय म्हनाल्या म्हाईत हाय?"

मी मान हलवली.

"म्हनाल्या, 'मी तिला आणणार नाही. सांगणार पण नाही. तिला यायचं असेल तेव्हा ती येईल.' "

बाई, इतकी वर्षं. दर दिवाळीत आठ दिवस, एकटीसाठी खिचडी. आणि मला एका शब्दानं कळवलं नाहीत. ओटीवर बसल्या बसल्या आधी मला तुमचा भयंकर राग आला. पुन्हा माझ्यासाठी, पुन्हा मला न विचारता! मग लक्षात आलं की सांगितलं असतंत तर मी आले असते. नक्की आले असते, तुमच्यासाठी, तुमचं मन मोडायला नको म्हणून. तुमच्या खांद्यावरच्या हातासारखंच झालं असतं ते. तुम्ही तो हात त्या दिवशी अंगणात काढून घेतलात तो कायमचाच. यायचं की नाही ही जागा तुम्ही माझ्यासाठी ठेवलीत, आणि मी ती रिकामी ठेवली. काकू गेल्या, तुम्ही गेलात, तेव्हा मी आले.

याला काय म्हणायचं मला अजून कळत नाही. हे भांडण आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते आहे, आणि तुमची बाजू मला पूर्वीसारखी कच्ची वाटत नाही.

रंजनानं डोळे पुसले. "दुपार जाली," ती म्हणाली. "जेवून जाल?" तिनं माझ्याकडे न बघता चुलीकडे बघितलं.

मी हातपाय धुऊन आत गेले. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, कच्चा कांदा. आम्ही दोघी समोरासमोर जेवायला बसलो. मग तिनं माझ्या मुलीचं नाव विचारलं, कितवीत आहे विचारलं, मी सांगितलं. पहिली भाकरी संपली तशी तिनं न विचारता दुसरी माझ्या ताटात टाकली.

मी नको म्हणाले नाही.